आक्कांचं एक मत

इंजिनाचं हँडल हातात घेण्याआधी आक्का पदर कमरेला खोचायच्या, दोन्ही तळहात एकमेकांवर घासायच्या आणि आजूबाजूच्या बाप्यांकडे न बघताच म्हणायच्या, "सरका पावणं. माझं मी बघते की."

मग ते अवजड चाक कुरकुरत फिरायचं, धुराचा एक भपकारा यायचा आणि गिरणीच्या पत्र्यावरची नळी पुक-पुक करायला लागायची. त्या आवाजावर आमची अख्खी वसाहत उठायची. मी शाहूपुरीतल्या एका लोखंडाच्या पेढीवर कारकून होतो आणि गिरणीसमोरच्या चाळीत राहायचो. माझ्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं आणि आक्कांमुळे त्याची गरजही पडली नाही.

नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी भाड्यानं देऊन टाकायचं ठरवलं होतं. विधवा बाई इंजिन कसं चालवणार, असा त्यांचा सवाल. आक्कांनी त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं. दळून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची तर छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः बसायच्या. पट्टा निसटला तर स्वतः चढवायच्या. मदतीला धावणाऱ्या माणसाचा त्यांना राग यायचा, आणि तो राग त्या कधी लपवत नसत. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल, जिच्या हातातली पिशवी घ्यायला गेलं की ती पिशवी दुसऱ्या हातात घेते.

एकदा आम्ही चाळीतली पाच-सहा जणं त्यांच्याबरोबर अंबाबाईच्या देवळात गेलो होतो. शुक्रवार होता, मुंगीला वाट नव्हती. पुढचा एक भला माणूस म्हणाला, "आक्का, द्या तुमचा नारळ, मी पोचवतो." आक्कांनी नारळ पोटाशी धरला. "देवीला माझा नारळ माझ्या हातनं पोचला पायजे," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातनं पोचला तर ती तुमास्नी वळखंल." आम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत तिष्ठत उभे राहिलो. मी मनातून वैतागलो होतो. पण बाई बोलली त्यात चूक काहीच नव्हती.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा हातात पडलेली एक स्मरणिका. गुळगुळीत कागदावर 'आपल्या मतदारसंघाचा निवडणूक इतिहास' छापलाय. पहिल्या निवडणुकीत अमुक आले, दुसऱ्या निवडणुकीत तमुक आले, प्रत्येकाचा फेट्यातला फोटो. वाचून माझं डोकं भणभणलं. निवडून येणाऱ्यांचा इतिहास लिहायला काय लागतं? फोटो लागतात. ज्यांच्या जिवावर निवडून आले त्यांचं काय झालं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. तेव्हा मीच सांगतो. या मतदारसंघाच्या पहिल्या दोन्ही निवडणुका मी पाहिल्या आहेत आणि दोन्ही वेळेला एका बाईचं मत कसं मातीत घातलं, तेही पाहिलं आहे.

आमची वसाहत म्हणजे रुळांच्या पलीकडचा माळ. शहराची हद्द आमच्या अलीकडे संपायची आणि पलीकडचं गाव आम्हाला आपलं म्हणायचं नाही. नळ नव्हता, दिवे नव्हते. मतदारसंघही तसाच, शहराच्या कडेकडेनं फिरलेला. संस्थान होतं तोवर आम्हाला कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. ते विलीन झालं आणि एक दिवस एक तलाठी वही घेऊन गिरणीत आला. नाव लिहायचं म्हणाला. मग म्हणाला, "नवऱ्याचं नाव?"

"गिरणी कुणाची म्हणून इचारलं तर माणसं माझं नाव सांगत्यात," आक्का म्हणाल्या. "मत कुणाचं म्हणून इचारल्यावर त्यांचं कशाला सांगू?"

शेवटी नवऱ्याचं नाव मीच हळूच सांगितलं. पण त्या दिवसापासून आक्कांच्या डोक्यात मत बसलं. दळण टाकणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "राजाला एक आन् मला बी एकच. कमी न्हाय, जास्त न्हाय."

आता त्या पहिल्या निवडणुकीत मतदान कसं व्हायचं ते नव्या वाचकांना सांगायला हवं. कागदावर शिक्का मारायचा प्रकार तेव्हा नव्हता. पडद्याआड टेबलावर ओळीनं लोखंडी पेट्या ठेवलेल्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याच्या खुणेचं चित्र. अधिकारी एक कोरी चिठ्ठी द्यायचा, ती आपल्याला हव्या त्या पेटीच्या फटीतून आत सोडायची. आमच्या वसाहतीचा कल ज्याच्याकडे होता तो एक तरणा वकील. नळ आणतो म्हणायचा. त्याची खूण होती घागर.

त्याचे कार्यकर्ते महिनाभर घसा कोरडा करून सांगत होते, घागरीला मत द्या. चित्रं वाटली, भिंती रंगवल्या. पण पेटी कशी असते, तिला फट कुठे असते, हे दाखवायचं एकालाही सुचलं नाही. एवढे शिकलेले लोक, सभा गाजवणारे, आणि बायका पडद्यामागे गेल्यावर काय करतील याचा विचार शून्य.

मतदानाच्या दिवशी आमच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून निघाल्या. बायकांसाठी शाळेत वेगळी खोली होती. रांगेत पहिल्या आक्का. आत गेल्या तर समोर घागर. आपल्याकडे नवरात्रात घट मांडतात. मांडलेल्या घटापुढे जे वाहायचं ते वर किंवा पुढ्यात ठेवतात, त्याच्यात कोंबत नाहीत. आक्कांनी पेटीला हळदकुंकू लावलं, चिठ्ठी पेटीवर नीट ठेवली, हात जोडले आणि बाहेर आल्या. मागच्या बाईनं विचारलं, "काय करायचं वो आत?"

"काय न्हाय. घागरीवर ठिवायचं आन् पाया पडायचं."

झालं. मागच्या सगळ्यांनी तेच केलं.

मला हे कळलं ते संध्याकाळी, चहाच्या टपरीवर. शाळेत मतदानाच्या कामाला असलेला एक मास्तर खदाखदा हसत सांगत होता, "तुमच्या आक्कांनी पेटीला नैवेद्य दाखवला." चिठ्ठ्यांचा ढीग झाला, घसरून खाली पडायला लागला. मतदानावरचे मोठे साहेब दोनदा पडद्यामागे डोकावून आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, कुणी हात लावू नका. पेटीबाहेरच्या चिठ्ठ्यांचा त्यांनी शेवटी एक गठ्ठा बांधला आणि बाद म्हणून बाजूला टाकला.

मी धावत गिरणीत गेलो. आक्कांनी ऐकून घेतलं, इंजिन बंद केलं आणि तशाच पिठानं माखलेल्या शाळेकडे निघाल्या. पेट्या गाडीत चढवणं चाललं होतं. साहेब कोटाची बटणं लावत होते.

"बाई, पेटीबाहेरचं मत हे मत नसतं," साहेब म्हणाले.

"मग दुपारी सांगायचं न्हाय व्हय?"

"आम्ही कसं सांगणार? मतदान गुप्त असतं."

"त्यात गुप्त काय हाय? उघड्यावर पडलं होतं की."

साहेबांनी गाडीत बसून दार लावून घेतलं. मला आजही तो दाराचा आवाज आठवला की हात शिवशिवतात. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. रांगेसमोर उभं राहून, चिठ्ठी फटीतून आत टाका, एवढंच. त्यानं कुठला नियम मोडला असता? बायका चुकतायत हे बघून ज्याला गंमत वाटते, त्याला त्या खुर्चीवर बसवतातच कशाला?

वकील पडला. आणि मग जो तो आक्कांना समजावायला लागला. "जाऊ द्या आक्का, नाहीतरी तो पडणारच होता." हे खरंही होतं. त्या चिठ्ठ्या मोजल्या असत्या तरी तो पडलाच असता. पण हा 'नाहीतरी' शब्द मला तेव्हापासून नकोसा झालाय. कुणाच्याही तोंडून तो निघाला की समजावं, हा माणूस आता कुठलंतरी पाप पदराखाली झाकणार.

आक्का कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. मला फक्त एकदा म्हणाल्या, "मी फुडं गेले म्हणून समद्या चुकल्या. फुडल्या टायमाला मी शेवटी जाणार. पर जाणार. माझं मत माझ्या हातनं आत पडल्याबिगर मी मरायची न्हाय."

पुढची निवडणूक जवळ आली तसा गिरणीत एक पिठाचा डबा दिसायला लागला. आक्कांनी तांबटाकडून त्याच्या झाकणाला फट पाडून घेतली होती. दळणाचा डबा घेऊन बाई आली की आक्का तिच्या हातात कागदाचा कपटा द्यायच्या. "घाल आत. पुरता घाल. बोट आत जाऊ दे." कपटा आत पडल्याचा आवाज आल्याशिवाय दळण तराजूवर चढत नसे. एक म्हातारी कुरकुरली, "रोज मत द्यायचं व्हय गं बाई, एवढी मतं घेऊन त्यो करणार काय?" तिलाही सुटका मिळाली नाही. पुढे पुढे तर पोरीबाळी येता-जाता त्या डब्यात कायबाय टाकायच्या आणि आक्का दर शनिवारी तो पालथा करून त्यातल्या चिंचोक्यांसकट सगळं झाडून काढायच्या.

सत्तावन्न साली सगळा जिल्हाच पेटला होता. मराठी माणसांचं एक राज्य व्हावं म्हणून रान उठलं होतं. आमचा तोच वकील पुन्हा उभा होता, या वेळी खूण छत्री. पेट्यांची पद्धत तीच. वसाहतीत दुसऱ्या कुणाचं नाव काढायची सोय नव्हती. आणि सगळा कारभार होता वखारवाल्या भाऊच्या हातात.

भाऊ म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. कुणाच्या घरी मयत झालं की लाकडं फुकट पाठवायचा. लग्नात वाढायला कंबर कसायचा. पण कुणी काही करायला घेतलं की ते त्याच्या हातातून काढून घ्यायची त्याला खोड. "सोडा, मी बघतो," हे त्याचं पालुपद. असा माणूस आणि आक्का एकाच गल्लीत राहायला घातले, ही देवाची करणी.

मतदानाच्या दिवशी आक्का सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभ्या. गिरणी बंद. येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून विचारायच्या, "कुठं घालायचं?" "फटीत." "किती?" "पुरतं." मग सोडायच्या. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी पेढीवरून सुट्टी काढून आलो होतो. म्हटलं, "आक्का, तुम्ही टाकून या, मी थांबतो इथं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला सरलो. उन्हं कलली, रांग संपली, फाटक बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि आत गेल्या. मी दारापाशी उभा राहिलो.

या वेळचा अधिकारी कोवळा पोरगा होता, अदबीनं बोलणारा. त्यानं यादीवर बोट फिरवलं आणि थांबला.

"आजी, तुमचं मत झालंय."

"कुणाचं?"

"तुमचं."

"मी तर आत्ता आले की." त्यांनी डाव्या हाताचं बोट त्याच्यासमोर धरलं. बोटावर शाईचा टिपूसही नव्हता. नखात मुरलेल्या पिठाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

पोरगा खरोखर ओशाळला. त्यानं पुस्तक उघडून नियम काढला. आपल्या नावावर दुसरं कुणी मत देऊन गेलं तर खऱ्या मतदाराला एक चिठ्ठी देता येते, ती पाकिटात घालून बंद करायची.

"आन् मोजायचं कवा?"

"ते मोजत नाहीत आजी. नोंद राहते फक्त."

"पेटीत टाकू द्या की. पेटी हितंच हाय."

"नाही टाकता येत."

आक्का त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पाच वर्षं त्या पडद्यामागे जायची वाट बघितली होती, आणि तो हाताच्या अंतरावर होता. मग चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ठेवा तुमच्यापाशीच. न मोजायचं मत मी एकदा देऊन बसलेय."

घरी येताना त्या भराभर पुढे चालत होत्या. मीच बोलत होतो, विरुद्ध बाजूच्या लोकांना शिव्या घालत होतो. चोर आमच्या घरातलाच आहे, हे मला काय माहीत.

वकील दणक्यात निवडून आला. गुलालाची मिरवणूक हलगीच्या तालावर वसाहतीतून फिरली आणि गिरणीपाशी थांबली. आक्कांचं इंजिन चालू होतं. वकील आत आला, मागून भाऊ शाल आणि नारळ घेऊन. भाऊचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"आक्का, तुमचं मत मी वाया जाऊ दिलं न्हाय बरं का," तो म्हणाला. "तुमी दिवसभर फाटकात हुभ्या. म्हणलं राहून गेलं तर? आमच्या हिचं नाव तिकडं माहेरच्या यादीत अडकलंय, तिला बी हौस होती. दुपारच्यालाच तुमच्या नावावर तिला धाडली, फाटकात तुमीच तिला इचारून आत सोडली की. आपल्याच पेटीत टाकलंय, काळजी नगो."

मी थक्क झालो. आक्कांनी इंजिन बंद केलं. हलगीवाल्यानंही हात थांबवला.

"तुला कोण म्हणलं?" आक्कांनी विचारलं.

"म्हणायचं काय त्यात? तुमाला तरास नगो म्हणून. आन् आता झालं की समदं. तुमचाच माणूस आलाय न्हवं?"

"माणूस आला, व्हय. पर मी कुठं आले?"

कुणाला काही कळलं नाही. वकील हसला, पुढे होऊन शाल उलगडायला लागला. आक्का एक पाऊल मागे सरल्या.

"शाल ह्याच्या बायकूला घाला सायेब. मत तिनं टाकलंय. मान बी तिचाच."

"आक्का लई कडक हायेत," भाऊ म्हणाला, आणि सगळे हसले. वकीलही हसला. कायदा शिकलेला माणूस, आता कायदे करायला मुंबईला निघालेला, आणि आपल्यासमोर काय गुन्हा कबूल झाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही. की आलं होतं? मी अजून ठरवू शकलेलो नाही. शाल पोत्यावर ठेवून ते पुढच्या चौकात गेले. साहेबाचं हसणं एक वेळ समजतं, तो परका होता. हे तर आपले होते. ज्या बाईनं यांच्या बायकांना मत टाकायला शिकवलं, तिचंच मत हे प्रेमानं टाकून आले. प्रेमानं केलेल्या चोरीची फिर्यादही कुठे देता येत नाही.

रात्री चाळीत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. "नाहीतरी आक्कांनी छत्रीलाच टाकलं असतं की." मी भरल्या पानावरून उठलो.

त्यानंतर आक्कांचं बोलणं कमी झालं. गिरणी चालायची, पण तो फटीचा डबा दिसेनासा झाला. वर्षभरात छातीत कफ साठून अंथरूण धरलं. मी औषधाची बाटली घेऊन गेलो तर हात पुढे करून म्हणाल्या, "द्या हिकडं. माझं मी घेते." चमचा ओठापर्यंत नेईतो अर्धं औषध सांडलं. आठ दिवसांत त्या गेल्या. तिसरी निवडणूक अजून लांब होती.

दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो. बायका सहसा जात नाहीत, पण त्या दिवशी वसाहतीतल्या बायका आल्या, आणि कुणी अडवलं नाही. पुतण्यानं पिंड मांडला. सगळी व्यवस्था अर्थातच भाऊची. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पण एक खाली उतरेना. पुतण्या हात जोडून म्हणाला, गिरणी चालू ठेवतो. कावळा आला नाही. दीर म्हणाला, तुझं लेणं मोडणार नाही. नाही आला. मग भाऊ पुढे झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "आक्का, वसाहतीच्या रस्त्याला तुमचं नाव देऊ, मी बघतो." पिंपळावर एक कावळा नुसता ओरडला.

ऊन चढलं. भाऊला दुपारी सभा होती. तो घड्याळ बघायला लागला आणि भटजींना म्हणाला, "किती येळ ह्यो? करून टाका की तुमी." भटजींनी दर्भाची काडी घेऊन गाठी मारायला सुरुवात केली. कावळा येत नसला की दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला लावून मोकळे होतात. शास्त्राला चालतं.

भटजींचा हात पुढे आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ठेवा त्ये खाली."

भाऊची बायको होती. चार माणसांत तिचा आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. ती पुढे आली, पिंडाच्या आणि भटजींच्या मधे उभी राहिली.

"अगं, नाहीतरी..." भाऊ म्हणाला.

"एकदा तिच्या वाटचं मी करून आले," ती म्हणाली. "आता कुणी करायचं न्हाय. येऊ दे त्याला. येईल तवा येईल."

आणि ती तिथंच पायरीवर बसली. तिच्या मागे दुसरी बसली, मग बाकीच्या बसल्या. भटजींनी दर्भ खाली ठेवला. भाऊ घड्याळ बघत सभेला एकटाच निघून गेला. मला पेढीवर जायचं होतं. मी चप्पल काढून पायरीवर बसलो.

पिंडावरचा भात उन्हानं वाळत चालला होता. कावळे पिंपळावरच होते. कुणी उठलं नाही.